विश्वास : ब्याण्णव

माझ्या संसारात एक सरदार घुसला होता. त्याला हाकलायचा निर्णय मी रविवारी दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना घेतला. (मोठे निर्णय भरल्या पोटी घेऊ नयेत, हे आता कळून काय उपयोग?)

हा सरदार बायकोच्या व्हिडिओ गेममधला. उंच, दाढीवाला, अंगात चिलखत. बायको ऑडिटर. ऑफिसातून आली की टीव्हीसमोर बसते आणि गेममधली नायिका होऊन त्याच्याबरोबर डोंगरदऱ्या हिंडते. तो शेकोटीपाशी आईच्या आठवणी सांगतो आणि हिचे डोळे भरून येतात. मी सव्वीस वर्षं वार्ताहर आहे. मंत्र्यांना घाम फोडलाय! पण माझी बातमी वाचून हिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलेलं नाही.

त्याच्या चेहऱ्याखाली लिहिलेलं असतं, 'विश्वास : ९२'.

"शंभरपैकी?" मी विचारलं.

"हो."

"आणि माझा किती?"

"तुझ्याखाली आकडा दिसत नाही, एवढं नशीब समज."

मग मी इतर आकडे वाचले. नायिकेच्या गळ्यात सरदाराने दिलेला मफलर होता. संरक्षण : शून्य.

"अगं, लढाईला लोकरीचा मफलर?"

"त्याच्या आईने विणलाय तो."

"आईच्या मायेने तलवार अडत नाही!"

"दिवसभर आकडेच तपासते रे मी. घरी तरी गोष्ट हवी. तू बघ आकडे. समोरचा काय सांगतोय, ते तुझ्या डोक्यात शिरायचं नाही."

माणसांना बोलतं करून पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं!

त्या रविवारी ती बहिणीकडे निघाली. "संध्याकाळी शेवटची लढाई आहे. हात लावू नकोस," असं बजावून गेली. मी लगेच हात लावला. लढाईला आकडे पुरतात, सरदार लागत नाही, हे सिद्ध करायचं होतं. गेममधल्या लोहाराला मफलर देऊन लोखंडी गळपट्टा घेतला. संरक्षण : चौदा!

सरदार वळला. "तुझ्या गळ्यातला मफलर कुठे आहे?"

पडद्यावर तीन पर्याय आले : खरं सांग, माफी माग, उलट प्रश्न विचार. आता सांगा, वार्ताहर काय निवडणार?

'तो आईनेच विणला कशावरून?' विश्वास सत्तरवर आला. 'मागच्या युद्धात तू कुणाच्या बाजूने होतास?' एक्केचाळीस. त्याने मान खाली घातली आणि माझं रक्त सळसळलं. समोरचा गडबडला की सोडायचं नसतं! मी विचारत गेलो. विश्वास शून्यावर आला, तेव्हा तो म्हणाला, "मी तुला आपलं मानलं होतं," आणि धुक्यात चालता झाला.

पडद्याने विचारलं, 'जतन करायचं?' लिहिलेलं आधी सेव्ह करायचं, ही नोकरीतली सवय. केलं.

बायको आली. "सरदार कुठे?"

"गेला."

"का?"

"दोन-चार प्रश्न विचारले."

"बरं, माझं आधीचं सेव्ह आहे ना? तिथून पुढे खेळते."

"त्याच्यावरच केलं. जुनं पुसलं गेलं."

ती पर्स टाकून टीव्हीसमोर बसली. "अरे, किल्ल्याचा दरवाजा तोच उघडतो. तो नाही तर शेवटच नाही!"

"पण संरक्षण चौदा झालंय," मी म्हणालो. (तेवढ्यात जीभ चावली, पण उशिरा.)

ती भांडली असती तर मी पुरून उरलो असतो. पण तिने नाक पुसलं. शत्रू हरला होता आणि रडत होती माझी बायको.

जरा वेळाने तिने कंट्रोलर उचलला आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. गावाचा चौक. गर्दीतून सरदार आला. विश्वास : शून्य. "आपण कोण?" त्याने अदबीने विचारलं.

"अय्या, पहिली भेट!" बायकोने उशी मांडीवर ओढली. चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नाच्या फोटोतही तसा नाही. "चहा टाक ना जरा."

म्हणजे ज्याला हाकलला, त्याला मीच पुन्हा बोहल्यावर चढवला होता! चहा देताना मी भीत भीत विचारलं, "आपली पहिली भेट अशी परत मिळाली तर गं?"

"तेव्हाही तू नुसते प्रश्नच विचारत होतास," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "शेवटच्या प्रश्नाला मी 'हो' म्हणाले."

"आणि आता?"

"आताही म्हणेन," ती म्हणाली. "पण आधी सेव्ह करेन."