स्वारीची पुस्तकं कोणत्या कपाटात?

जगातलं सगळं लेखन दोनच प्रकारचं असतं, घडणारं आणि न घडणारं, आणि ही दोन्ही एका कपाटात ठेवली तर समाजाची घडी विस्कटते. सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ही घडी एकोणीस वर्षं सांभाळली होती. डावीकडे 'कल्पित', उजवीकडे 'माहिती'. कल्पित पुस्तक पंधरा दिवस घरी नेता येई. माहितीचं पुस्तक कुलपात राही, कारण माहिती लोकांच्या घरी गेली तर तिथे तिचं काय होईल सांगता येत नाही.

या सुव्यवस्थेला पहिला धक्का दिला तो मुद्देवाल्या काकांनी. काका सेवानिवृत्त भूमापक. प्रत्येक सभेत "माझा एक मुद्दा आहे" म्हणून उठायचे आणि चार मुद्दे मांडून बसायचे. (बसायचे हे सौजन्याने म्हटलं आहे. त्यांना बसवावं लागे.) त्यांनी तक्रारवहीत लिहिलं, "परग्रहवासीयांच्या स्वारीची सदतीस पुस्तकं कल्पित कपाटात आहेत. अशी स्वारी होणारच नाही, असं छातीठोकपणे कुणीही सांगत नाही. उद्या ती झाली, तर वाचनालयाने सभासदांची दिशाभूल केली असं ठरेल. जबाबदार कोण?"

'जबाबदार कोण' हे शब्द दिसले की कार्यकारिणीच्या अंगावर काटा येतो. तातडीची सभा लागली.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचं एक पत्र आलं. वाचनालयाची जागा वाहनतळासाठी घेण्याचं ठरत होतं. तीस दिवसांत पन्नास सभासदांनी लेखी हरकत घेतली, तर फेरविचार होणार होता. सभासद होते चारशे बारा. तरी बाईंनी पत्र तीनदा वाचलं. नोकरी जाईल ही धास्ती होतीच, पण त्याहून जास्त त्यांचा त्या खोलीवर जीव होता. कुठल्या फळीवरचं कुठलं पुस्तक कोणत्या पानाशी आपसूक उघडतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं.

त्यांनी पत्र सभेत पहिल्या क्रमांकावर घेतलं. अध्यक्षांनी (व्यवसायाने दंतवैद्य, त्यामुळे समोरच्याने बोलू नये ही अपेक्षा) ते उचलून 'आयत्या वेळचे विषय' या सदरात टाकलं.

"साहेब, तीस दिवसांचीच मुदत आहे हो," बाई म्हणाल्या.

"बाई, स्वारीला तर मुदतही नाही. ती कधीही होऊ शकते."

बाईंनी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चा झाली.'

उपसमिती नेमली गेली. अध्यक्ष, काका आणि लिहायला बाई. समितीने सदतीस पुस्तकं बारा दिवसांत वाचून काढली आणि पुढील निष्कर्ष नोंदवले. एकोणतीस पुस्तकांत परग्रहवासी एखाद्या राजधानीत उतरतात. आपल्या प्रभागात एकही नाही. (रस्त्यांची अवस्था पाहता हे वास्तवाला धरून आहे.) सदतीसपैकी सदतीस पुस्तकांत त्यांना पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही. चौतीस पुस्तकांत संकट आल्यावर उच्चस्तरीय बैठक भरते, पण एकाही बैठकीत चहा येत नाही. या एका बाबीवरून ही पुस्तकं कल्पित असल्याचा दाट संशय येतो, असं अध्यक्षांचं मत पडलं.

काकांना ते पटेना. "चहावरून काही सिद्ध होत नाही. मोजमाप हवं. माझा एक मुद्दा आहे." आणि त्यांनी कसोटी मांडली. खरी गोष्ट वाचली की माणूस उठतो. कल्पित वाचली की पान उलटतो.

कसोटी इतकी सोपी होती की ती मंजूर व्हायला दोनच सभा लागल्या. मग बाईंनी दारापाशी बसून आठवडाभर नोंदी केल्या. पृथ्वी जिंकली गेल्याचं वाचणारे वाचक, एकशे बारा. 'मस्त आहे' म्हणणारे एकसष्ट. दुसरा भाग मागणारे तीस. अक्षर बारीक असल्याची तक्रार करणारे तेरा. वाचता वाचता झोपलेले सात. उठलेला एक, तो पंखा वाढवायला उठला होता. तेव्हा पृथ्वीवरची स्वारी ही कल्पितच, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालं आणि काकांनी मोठ्या मनाने आपली तक्रार मागे घेतली.

पण बाई प्रामाणिक. शिवाय त्यांना रात्रंदिवस त्या पत्राचा घोर लागलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी ते ठळक अक्षरांत लिहून फळ्यावर लावलं होतं आणि खाली सह्यांचा कागद, दोरीला बांधलेलं पेन. त्यांनी तीच कसोटी या सूचनेलाही लावून पाहिली. वाचणारे, दोनशे चार. 'अरेरे' म्हणणारे ब्याण्णव. 'असं कसं करू शकतात हे लोक' म्हणणारे सत्तर. मोबाइलवर फोटो काढणारे एकोणचाळीस. सही करणारे तीन, म्हणजे बाई, बाईंचे यजमान आणि एक गृहस्थ, ज्यांना तो पुस्तक परत केल्याचा कागद वाटला होता.

सव्विसाव्या दिवशी बाईंनी हे आकडे समितीपुढे ठेवले. "अहो, चारच दिवस राहिलेत. तुम्ही दोघांनी तरी आता सही करा."

अध्यक्षांनी आकडे दोनदा तपासले. "बाई, कसोटी सर्वांना सारखी हवी. दोनशे चार जणांनी वाचलं आणि कुणी उठलं नाही. नियमाप्रमाणे हे पत्र कल्पित ठरतं."

"आणि कल्पित गोष्टीवर हरकत घेतली," काका म्हणाले, "तर लोक हसतील हो आपल्याला."

ठराव एकमताने झाला. पत्रावर शिक्का मारून ते कल्पित कपाटात दाखल करण्यात आलं. दुसऱ्याच दिवशी एका सभासदाने ते पंधरा दिवसांसाठी घरी नेलं. (त्याला शेवट ओढूनताणून आणलेला वाटला.)

एकतिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला माणसं आली. अंगावर चमकदार जाकिटं, डोक्यावर पिवळी शिरस्त्राणं, हातात मोजपट्ट्या. कुणाशी न बोलता त्यांनी फरशीवर पांढऱ्या रेषा आखायला घेतल्या. वाचक तेवढी जागा सोडून सरकून बसले. एकाने पाय वर घेतले आणि पान उलटलं. दुपारपर्यंत कपाटं बाहेर गेली, कल्पित आणि माहिती एकाच टेम्पोत, एकमेकांच्या अंगावर.

बाई रिकाम्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि लाज न बाळगता रडल्या. काका शेजारी उभे होते. तेही हळहळले. एक रेष वाकडी आखली गेली होती, ती जाकीटवाल्यांच्या लक्षात आणून देऊन ते परत आले.

"फार वाईट झालं, बाई. हे आधी कुणीतरी आपल्याला सांगायला हवं होतं."

"लिहून लावलं होतं की, काका. महिनाभर."

"हो, ते मी वाचलं होतं," काका म्हणाले. "छान लिहिलं होतं तुम्ही."

आपल्याही दाराशी, जिन्यात किंवा कोपऱ्यावरच्या फळ्यावर सध्या एक कागद लावलेला आहे. खाली दोरीला पेनही असेल. जाता-येता आपण तो वाचलाच असेल. कसा वाटला?