कपाटातले चार दोरे

स्त्रीचा चेहरा पाहावा आणि तिला हवे ते पुस्तक कपाटातून काढून द्यावे, या विद्येत मोठ्या बाईंचा हात धरणारे त्या चर्चच्या मंडळीत कोणी नव्हते. हे मत अर्थातच मोठ्या बाईंचे होते. परंतु बाई एखाद्या मताला एकदा आश्रय देत, तेव्हा ते पुढे सर्वांनाच सांभाळावे लागे. बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापकपद भूषवून त्या निवृत्त झाल्या होत्या. विवाह त्यांनी केला नव्हता, कारण त्या कामाला शाळेच्या वेळापत्रकात तास सापडला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी चर्चमागच्या लहान खोलीत स्त्रियांसाठी पुस्तकांचे एक कपाट मांडले आणि नऊ वर्षे त्याची किल्ली स्वतःच्या गळ्यात बाळगली.

त्या कपाटाची एक रीत होती. सर्व पुस्तकांना सारखेच तपकिरी कागदाचे वेष्टन. अविवाहित राहण्याविषयीचे पुस्तक हाती घेऊन उपासनेनंतर सगळ्या बाकांमधून चालत जाणे कोणत्या स्त्रीला आवडेल? म्हणून नाव आत, पहिल्या पानावर. आणि पुस्तकाच्या पाठीला खूण म्हणून शिवलेला एक रंगीत दोरा. निळा दोरा दृढ विश्वासाचा, पिवळा मातृत्वाचा, हिरवा अविवाहित जीवनाचा. चौथा दोरा काळा होता. ज्यांचा विश्वास डळमळला आहे त्यांच्यासाठीची पुस्तके त्या दोऱ्याची. नऊ वर्षांत बाईंनी ती कोणालाही दिली नव्हती, कारण आपल्या मंडळीत तसे कोणी नाही याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"पुस्तक आलं की मी एकदा वाचते," बाई सांगत. "मग मला ते उघडावं लागत नाही."

अशा या कपाटावर एके रविवारी संकट आले. पाळकसाहेब स्वभावाने मृदू. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी हवामानाविषयी बोलत. त्या दिवशी ते हवामानाविषयी फारच बोलले, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, मुद्द्याचं बोला."

"कमिटीचं म्हणणं आहे की नवे ध्वनिक्षेपक ठेवायला जागा नाही. आणि कपाटातलं पुस्तक वर्षभरात कोणी नेलेलं नाही."

"मी दिलेलं नाही, असं म्हणा. मागायला आलेल्या प्रत्येकीला पुस्तक द्यायचं नसतं."

"चौथ्या रविवारी निर्णय आहे. दोन-तीन बहिणींनी उभं राहून सांगितलं की पुस्तकाचा उपयोग झाला, तर कपाट राहील."

"तीन बायका, तीन पुस्तकं," बाई म्हणाल्या. "ध्वनिक्षेपकांसाठी दुसरी जागा आत्ताच बघून ठेवा."

घरी येऊन त्यांनी हा वृत्तान्त वहिनींना सांगितला. वहिनी म्हणजे बाईंच्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. दोघी एकाच घरात राहत; बाई बोलत आणि वहिनी शिवत. शिवणयंत्रावरची मान वर न करता वहिनी म्हणाल्या, "कमिटी बघायला येणार असेल, तर कपाट जरा नीट करायला हवं."

"करा हो. धूळ तेवढी पुसा."

किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा त्या नऊ वर्षांतला पहिला प्रसंग.

पुढच्या रविवारी उपासना संपताच बाई कपाटापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या तीन वाचक निवडल्या. पहिली दवाखान्यातली परिचारिका. ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. वय अडतीस, अविवाहित आणि शीघ्रकोपी. तिला हिरव्या दोऱ्याचे पुस्तक मिळाले. पुस्तक हाताला काहीसे जड लागले. त्याचा दोष बाईंनी दमट हवेला दिला. दुसऱ्या बेकरीवाल्या काकू. चार मुले, एक भट्टी आणि एक नवरा हे सारे एकाच वेळी तापत ठेवणारी ही बाई. तिला पिवळा दोरा. तिसऱ्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. अकरा वर्षे पहिल्या बाकावर ताठ बसणाऱ्या या स्त्रीला निळ्याखेरीज दुसरा रंग शोभलाच नसता.

"बाई, कशाबद्दल आहे?" परिचारिकेने विचारले.

"तुझ्याबद्दल आहे. घरी जाऊन उघड."

ती घरी गेली, तिने पुस्तक उघडले आणि पहिल्या पानावर वाचले: 'दूध उतू जाताना केलेल्या प्रार्थना: आईच्या हाती असावे असे पुस्तक'. तिने पुस्तक मिटले, पुन्हा उघडले. अक्षरे तीच होती.

आता वाचकहो, हे पुस्तक अन्य कोणी दिले असते, तर तिने चूक म्हणून परत केले असते. परंतु मोठ्या बाई चुकत नाहीत, हे तिला दुसऱ्या इयत्तेपासून पाठ होते. मग बाईंना असे काय ठाऊक आहे? विचार करता करता तिला आठवले की मंडळीतला घड्याळजी विधुर आहे, त्याला जुळी मुले आहेत आणि मागच्या महिन्यात बाई त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलत उभ्या होत्या. बाई घड्याळाच्या पट्ट्याविषयी बोलत होत्या. पण हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी रस्त्यात घड्याळजी दिसताच तिने त्याला अडवले.

"मुलांच्या लशी झाल्या?"

"कुठल्या लशी?" घड्याळजी गांगरला.

"वाटलंच मला. आणि माझ्या मनात दुसरं काही नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

घड्याळजीने त्या दिवशी तीन घड्याळे उघडली आणि एकही पूर्ववत जोडू शकला नाही.

तिकडे बेकरीत काकूंनी पिठाच्या हातानेच पान उलटले आणि त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. 'एका ताटाचे घर: एकटीने राहणाऱ्या स्त्रीसाठी'. एकटीने? त्यांनी भट्टीपुढे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. तो शीळ घालीत होता. बिचाऱ्याला काहीच माहीत नाही, असे त्यांच्या मनात आले आणि डोळे भरून आले. तासाभरात त्या नवऱ्याचे मनगट धरून दवाखान्यात हजर झाल्या.

"ह्यांना तपासा."

"काय होतंय?" परिचारिकेने विचारले.

"काही नाही होत," नवरा म्हणाला.

काकू परिचारिकेच्या कानाशी वाकल्या. "मोठ्या बाईंना काहीतरी कळलंय."

परिचारिकेच्या हातातला रक्तदाबाचा पट्टा तसाच राहिला. "तुमच्याबद्दलही?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले, आणि परिचारिकेने पट्टा नवऱ्याच्या दंडाला गुंडाळला. रक्तदाब उत्तम निघाला. काकूंच्या आग्रहावरून तो दुसऱ्यांदा घेतला, तेव्हाही ठीक होता. तिसऱ्या वेळी मात्र तो खरोखरच चढला.

पुढे चारच दिवसांनी बेकरीवाल्याला तराजूच्या मागे ते पुस्तक सापडले. नाव वाचून तो पिठाच्या पोत्यावर बसला. आपली बायको वेगळे घर करण्याची तयारी करीत आहे आणि मोठ्या बाई तिला पुस्तके पुरवीत आहेत! त्याने तोंडाने चकार शब्द काढला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून तो भट्टीचे पत्रे स्वतः घासू लागला, मुलींच्या वेण्या घालू लागला आणि संध्याकाळी बायकोला म्हणू लागला, "तू जरा आत बस. वाचत वगैरे बस. मी आहे." काकूंनी हे पाहिले आणि त्यांची खात्रीच पटली: माणूस जाण्यापूर्वी असाच प्रेमळ होतो. त्या आत बसत आणि रडत. मग रडणे संपले की करण्यासारखे काही नसे, म्हणून वाचत.

तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाल्याचा धीर सुटला. तो थेट बाईंच्या दारात आला.

"बाई, तिनं काही बोलून दाखवलंय का तुमच्याजवळ?"

"कोणी?"

"माझं चुकत असेल. शीळ घालतो मी दिवसभर, तिला आवडत नाही. पण एवढ्यावरून घर सोडायचं?" आणि त्याने पिशवीतून पुस्तक काढले.

बाईंनी दोरा पाहिला, पिवळा होता. मग, नऊ वर्षांत प्रथमच, त्यांनी वेष्टन घातलेले पुस्तक उघडले. खोलीत शिवणयंत्राचा आवाज चालू होता.

"वहिनी," बाई अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "कपाटाची धूळ पुसताना आणखी काही केलंत का?"

"दोरे बदलले. किती मळले होते ते, वन्सं! तुमच्या कपाटाला शोभत नव्हते."

"आणि रंग?"

"हिरव्या दोऱ्याचं रीळ मोठं होतं, म्हणून जाड पुस्तकांना हिरवा. आईपणावरची सगळी जाडच. बारक्या पुस्तकांना उरलेला पिवळा."

"काळा कुठे गेला?"

"काळा दोरा मी कोटाच्या बटणांना ठेवते. त्याच्या जागी निळा घातला. छान दिसतो."

बाईंचे बोट हळूहळू वर आले आणि हवेतच थांबले. पाळकीणबाईंचा निळा दोरा. बाईंची पाचावर धारण बसली.

बेकरीवाल्याला त्यांनी सांगितले की तुमची बायको कोठेही जात नाही, तुम्हीही कोठे जात नाही, आणि चूक माझी आहे. हे शेवटचे तीन शब्द त्यांच्या तोंडून असे निघाले, जणू ते परकीय भाषेतले असावेत. बेकरीवाला एवढ्या आनंदाने परत गेला की रस्त्याच्या वळणापर्यंत त्याची शीळ ऐकू येत होती. पुस्तक मात्र तो सोबत घेऊन गेला. "तिचं वाचायचं राहिलंय," तो म्हणाला.

चौथा रविवार दोन दिवसांवर होता. ज्या तिघींच्या साक्षीवर कपाट उभे राहायचे, त्या तिघींच्या हाती चुकीची पुस्तके. ती गोळा करून क्षमा मागणे भाग होते. बाई प्रथम दवाखान्यात गेल्या.

"ते पुस्तक तुझ्यासाठी नव्हतं. परत दे."

"संपल्याशिवाय देणार नाही," परिचारिका म्हणाली. "आणि घड्याळजी?"

"घड्याळजी कोण?"

परिचारिकेने दीर्घ श्वास सोडला. "बरं झालं. त्याच्या मुलांच्या लशी तेवढ्या उरकून टाकल्या मी."

पाळकीणबाईंकडे जाताना मात्र बाईंचे पाऊल जड झाले. मंडळीच्या पाळकाच्या पत्नीला आपण 'विश्वास डळमळतो तेव्हा' हे पुस्तक दिले! याहून मोठा अपमान कोणता? दार उघडताच त्या म्हणाल्या, "मी क्षमा मागायला आले आहे."

पाळकीणबाईंनी त्यांना आत घेतले, दार लावले आणि हलक्या आवाजात विचारले, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"अकरा वर्षं पहिल्या बाकावर बसते मी. सगळे मला विचारतात, उपासना कशी झाली, बटाटे किती आणायचे, साहेब घरी आहेत का. तुझा विश्वास कसा आहे, हे आजवर कोणी विचारलं नाही. आणि तुम्ही न विचारताच पुस्तक दिलंत. मी ते तीनदा वाचलं."

मोठ्या बाई बाकड्याच्या काठावर बसल्या. गप्प राहिलो, तर आपण अंतर्ज्ञानी ठरू, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. मोह लहान नव्हता. परंतु बत्तीस वर्षे त्यांनी मुलींना खरे बोलायला लावले होते.

"मला काहीही कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वहिनींचं काळं रीळ बटणांसाठी राखलेलं होतं. त्यामुळे झालं."

त्यांनी सारे सांगितले. पाळकीणबाईंनी पुस्तकाचा निळा दोरा बोटाने चाचपला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

"तुम्हाला कळलं नव्हतं, तर मग ज्याला कळायला हवं, त्याला कळलं असेल," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुस्तक परत न मागताच निरोप घेतला. हाही एक नवीनच प्रसंग.

चौथ्या रविवारी कमिटी कपाटाच्या खोलीत बसली. पाळकसाहेब हवामानाविषयी बोलू लागताच बाई उभ्या राहिल्या. "पुस्तकं मी निवडली नाहीत. दोऱ्यांनी निवडली, आणि दोरे वहिनींनी लावले. जे ठरवायचं ते हे ऐकून ठरवा." एवढे बोलून त्या बसल्या, आणि गळ्यातली किल्ली काढून त्यांनी मेजावर ठेवली.

तेवढ्यात परिचारिका उभी राहिली. "मला मूल नाही आणि मी एकटी सुखात आहे. पण माझ्यासमोर रोज चाळीस आया रांगेत उभ्या असतात. त्या एवढ्याशा तापाला का रडतात, याचा मला राग यायचा. आता येत नाही. म्हणजे, कमी येतो."

बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, "मी लग्नाआधी गात असे, हे मी विसरले होते. एकटीचं पुस्तक वाचताना आठवलं. आता रोज तासभर मी दार लावून बसते. मुलं बाहेर असतात. कोणी उपाशी राहत नाही." मागून बेकरीवाल्याने मान डोलावली.

पाळकीणबाई शेवटी उभ्या राहिल्या. "मला काळ्या दोऱ्याचं पुस्तक मिळालं. अजून परत देता येणार नाही. पुन्हा वाचायचं आहे."

कार्यवृत्त लिहिणाऱ्या पाळकसाहेबांची लेखणी थांबली. त्यांनी पत्नीकडे पाहिले. ते तिच्याकडे पाहतच राहिले, आणि खोलीतल्या सर्वांनी तेवढा वेळ छताकडे पाहिले.

"तिचं झाल्यावर मला वाचायला मिळेल?" त्यांनी बाईंना विचारले.

"कपाट स्त्रियांचं आहे," बाई सवयीने म्हणाल्या.

"मग घरीच वाचतो. तिच्या शेजारी बसून."

कमिटीने ठराव केला. कपाट आहे तेथेच राहावे. ध्वनिक्षेपक जिन्याखाली जावेत. किल्ली पूर्ववत मोठ्या बाईंच्या गळ्यात असावी. मात्र पुस्तकांना दोरे लावण्याचे काम यापुढे वहिनींनीच, आपल्या जवळच्या रिळांच्या मानाने, करावे. मोठ्या बाईंनी त्यात लक्ष घालू नये. ठराव एकमताने संमत झाला, आणि ते मत बाईंचे नव्हते.

घरी आल्यावर बाई बराच वेळ येरझारा घालीत होत्या. तीन स्त्रिया चुकीच्या पुस्तकात एवढे काय पाहून आल्या? त्यांनी स्वतः ती सारी पुस्तके वाचली होती, नऊ वर्षांपूर्वी, एकदा. त्यात दूध होते, ताट होते, शंका होत्या. गाणे कोठे होते? त्यांना आठवेना. अखेर त्या शिवणयंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, मला एखादं पुस्तक द्यायचं झालं, तर कोणत्या रंगाचा दोरा लावाल?"

वहिनींनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला कशाला दोरा, वन्सं? तुम्हाला तर पुस्तक उघडावंच लागत नाही."

बाईंनी वाचायचा चष्मा पुसायला घेतला.