सहावी इनिंग माझी!

मी एकदा बोलायला लागले की लोक ऐकतात. न ऐकून जातात कुठे! मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा यायचा. मग शाळेने वक्तृत्वाचा तास सक्तीचा केला, मी 'बेसबॉल बघू नका, ऐका!' या विषयावर बोलले, टाळ्या पडल्या, आणि तेव्हा जे झाकण उडालं ते अजून सापडलेलं नाही. आई म्हणते, "शाळेने चालू केलंय, तर बंद कुठून करायचं तेही शाळेनेच सांगायला हवं होतं."

तर आमच्या ब्रँडसेन गावाची बेसबॉल टीम, ब्रँडसेन हेरन्स. हेरन म्हणजे बगळा. मैदानाला लागूनच तळं आहे आणि आमची मुलंही पुष्कळदा बगळ्यासारखीच उभी असतात, एका पायावर, पाण्याकडे बघत. पण आपली आहेत! उन्हाळ्यात बाहेरगावच्या कॉलेजांतून येतात, गावातल्या घरांमध्ये राहतात, आमच्याच फ्रिजमधलं दूध संपवतात. त्यांना नावं ठेवायचा हक्क फक्त आमचा. पलीकडच्या गावच्या कुणी ठेवली तर मी त्याच्याशी आठवडाभर बोलत नाही, आणि माझ्यासाठी आठवडाभर न बोलणं म्हणजे काय, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

आणि आमच्या मॅचेस रेडिओवर लागतात! गेली तीसेक वर्षं हार्लन डेक्कर समालोचन करतात. आवाज असा, की वाटावं कुणीतरी गरम पॅनकेकवर सावकाश मध ओततंय. माणूस सोन्यासारखा, पण चुका करतो. मी प्रत्येक मॅचनंतर फोन करून त्यांना त्या सांगते.

"मिस्टर डेक्कर, आज तुम्ही प्रेक्षक 'साधारण सहाशे' म्हणालात. मी मोजले. चारशेसुद्धा नव्हते, आणि त्यात एक कुत्रा होता."

"कुत्र्याचंही तिकीट फाडलं होतं, मारिट."

"आणि तिसऱ्या इनिंगमध्ये आपला माणूस सगळ्यांची नजर चुकवून पळत पुढचा बेस चोरत होता, तेव्हा तुम्ही ढगांचं वर्णन करत होतात!"

"ढग फार सुंदर होते गं," डेक्कर म्हणाले.

पण जुलैमध्ये एक फोन मी न करताच आला. डेक्करांचा. मध आटला होता. रेडिओ स्टेशनचा मालक ग्लेन म्हणे ठरवून बसलाय. मॅच कुणी ऐकतच नाही, हा सीझन संपला की बंद. पुढच्या उन्हाळ्यात त्या वेळेला गाणी लावणार!

माझ्या डोळ्यांपुढे ओपा आले. ओपा म्हणजे माझे आजोबा. तळ्याच्या पलीकडे वृद्धाश्रमात असतात. गुडघे गेलेत, त्यामुळे आमच्या मैदानाच्या पायऱ्या त्यांना कायमच्या बंद. पण मॅचच्या संध्याकाळी ते रेडिओ मांडीवर घेऊन बसतात, टोपी घालून! डेक्करांनी 'बाद' म्हटलं की तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये चमचे आपटले जातात. त्या चमच्यांच्या जागी गाणी?

"मला एक इनिंग द्या," मी म्हणाले.

"काय?"

"मी बोलते. गावभर चर्चा होईल, लोक रेडिओ लावतील, ग्लेन शरण येईल. साधं गणित आहे!"

मग डेक्कर म्हणाले, "सहावी घे. तीस वर्षांत मला मॅच चालू असताना एकदाही बाथरूमला जाता आलेलं नाही."

मी गावभर सांगितलं. बेकरीत, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना. ओपांना तर रोज सांगत होते. "आवाज मोठा ठेवा हं, ओपा!"

"बाळ, तुझ्यासाठी बारीकच ठेवावा लागेल," ओपा म्हणाले.

तो शनिवार उजाडला. मी माझी भाग्यवान टोपी घातली. तिच्यावर आठ वर्षांचे बिल्ले टोचलेत. घातली की डोक्यावर वीट ठेवल्यासारखं वाटतं. आणि नशीब बघा! आमचा पिचर काल्डर असा काही फेकत होता, की पाचवी इनिंग संपली तरी पाहुण्या टीमला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाला नव्हता. एकही! अशी पूर्ण मॅच काढली तर तिला एक नाव आहे. ते नाव मॅच संपेपर्यंत कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की मोडलंच! बाकावरसुद्धा काल्डरच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या सोडून बाकीचे कडेला चिकटून बसले होते, जणू त्याला गोवर आलाय. मीही ते नाव इथे लिहिणार नाही. सीझन अजून संपलेला नाही.

समालोचनाच्या केबिनच्या दाराशी डेक्कर पाय जुळवून उभेच होते.

"नीट ऐक. काळं बटण रेडिओचं. करड्या माइकची दांडी खाली दाबली की मैदानावरचे कर्णे सुरू होतात. तो मैदानावर घोषणा करणाऱ्या मिसेस टिमरचा माइक, त्याला हात लावायचा नाही."

"त्या कुठायत?"

"सॉसेज आणायला. पाचवी संपली की जातात. आणि मारिट, ते..."

"ते मी बोलणार नाही! मी काय पलीकडच्या गावची आहे?"

डेक्कर धावले. वाऱ्याने दार धाडकन लागलं. मी खुर्चीत बसले. डास येऊ नयेत म्हणून काच बंद होती. हेडफोन चढवले. डेक्करांचे हेडफोन म्हणजे दोन उशा! त्यांत टोपी मावेना. मग टोपी समोरच्या एका दांडीवर अडकवली. काळ्या बटणावरचा दिवा केव्हाचा गेलेला, चालू की बंद ते कळेना. धोका कशाला घ्या, म्हणून खात्रीसाठी एकदा दाबलं.

"नमस्कार ब्रँडसेन! सहावी इनिंग, आणि मी मारिट हुकस्ट्रा!"

आणि काय सांगू! समोरचे सगळे प्रेक्षक एकदम मागे वळून वर बघायला लागले. काही हात हलवत होते. मी चकितच झाले. म्हणजे हे सगळे रेडिओ घेऊन मॅचला येतात! आणि ग्लेन म्हणतो कुणी ऐकत नाही!

मग मी सुटलेच. पहिला बॅटर बाद झाला. मी आपल्या टीमचं मनापासून परीक्षण केलं. "तिसऱ्या बेसवर आपला ब्रोडी. हात सोन्याचे. पण पळतो असा, की पाठीवर फ्रिज आहे आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे!" प्रेक्षक हसून हसून लोळायला लागले. ब्रोडीने वर बघितलं. मी हात केला. त्याने केला नाही. लाजाळू आहे.

काल्डरचा पुढचा चेंडू अंपायरने बाहेरचा ठरवला.

"अंपायरसाहेब चष्मा घरी विसरलेत. कुणाला सापडला तर कृपया हॉटडॉगच्या खिडकीवर द्यावा!"

अंपायरने खेळ थांबवला, मास्क काढला आणि टक लावून माझ्याकडे बघत राहिले. मला बघायला मास्क काढला हो! मी वाकून अभिवादन केलं.

दुसराही बाद. आता घरी उशिरा रेडिओ लावणाऱ्यांचा विचार समालोचकाने करायला नको का? मी आवाज खाली आणला. "मंडळी, आज इथे ती गोष्ट घडतेय. ती! मी नाव घेणार नाही, शपथ आहे. फक्त एवढंच सांगते, की बोर्डावर पाहुण्यांच्या हिट्सच्या खाली एक गोल, गुटगुटीत, सुंदर शून्य बसलंय, आणि आपल्या काल्डरने त्याच्याकडे अजिबात बघू नये!"

काल्डरने त्याच्याकडे बघितलं.

आख्खं मैदान उभं राहिलं. लोक दोन्ही हात वरखाली हलवत होते, गळ्यावरून बोट फिरवत होते. एका आजीबाईंनी माझ्या दिशेने पॉपकॉर्न फेकलं. आवाज पोचत नसणार बिचाऱ्यांना! मी माइक आणखी जवळ ओढला.

"आणि काळजी अजिबात नको! समोर आलाय नवव्या नंबरचा बॅटर. या मुलाने उन्हाळाभर चेंडूला फक्त लांबून नमस्कार केलाय!"

त्या मुलाने माझ्याकडे बॅट रोखली. किती गोड, म्हटलं, पाहुणासुद्धा सलाम करतोय!

काल्डरने फेकला. त्या मुलाने फिरवली. मी हेडफोनमध्ये होते, म्हणून 'ठॉक्' मला ऐकू नाही आलं. मला फक्त दिसलं, की चेंडू वर गेला, आणखी वर गेला, कुंपण ओलांडलं आणि तळ्यात पडला. खरे बगळे उडाले.

एक-शून्य. ती गोष्ट संपली. माझं तोंड उघडंच होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही येत नव्हतं.

तेवढ्यात दाराच्या काचेवर हालचाल दिसली. डेक्कर! शर्ट अर्धा बाहेर, चेहरा बीटासारखा. मागे मिसेस टिमर, अंगभर मोहरीची चटणी सांडलेली. दोघं दार बडवत होते. लॅच पडला होता! डेक्कर एकदा टोपीकडे बोट दाखवत, एकदा हात उलटा फिरवून दाखवत. टोपी! टोपी उचल!

अरे हो! टोप्या! टीम मागे पडली की सगळ्यांनी टोप्या आतली बाजू बाहेर करून घालायच्या, म्हणजे नशीब उलटतं. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काय थोर माणूस! अशा वेळीसुद्धा टीमचाच विचार!

मी माइकवर ओरडले, "ब्रँडसेनकर! रडत काय बसलात! टोप्या काढा! उलट्या करा! आणि बोला, बगळे जिंदाबाद!"

आणि काय ते दृश्य! शेकडो टोप्या एकाच वेळी उलट्या झाल्या! मग म्हटलं, आपणही करायला हवी. हेडफोन काढले आणि दांडीवरची टोपी उचलली.

तळ्यापलीकडून माझाच आवाज परत येत होता.

"...जिंदाबाद... दाबाद... बाद..."

चारही खांबांवरच्या कर्ण्यांतून खट् असा आवाज आला आणि शांतता पसरली. माझ्या हातात टोपी. टोपीखाली करडा माइक. त्याची दांडी सुटून हळूच वर आली.

मी टेबलाखाली गेले.

मिसेस टिमरनी दार उघडून घेतलं तरी मी तिथेच होते. डेक्कर एका हाताने समालोचन करत होते आणि दुसऱ्या हाताने मला शेंगदाणे देत होते. तिथूनच मी नववी इनिंग ऐकली. एक-एक बरोबरी, ब्रोडी पहिल्या बेसवर, आणि आमच्या एकाने चेंडू दूर उजव्या कोपऱ्यात मारला.

"ब्रोडी दुसऱ्यावर! ब्रोडी तिसऱ्यावर!" डेक्करांचा मध उकळायला लागला. "थांबत नाहीये! अरे, फ्रिज टाकून दिला रे याने! होम! होम! बगळे जिंकले!"

मी इतक्या जोरात उडी मारली की टेबलाला टेंगूळ आलं.

खाली उतरले, तर काल्डर वाटेतच उभा. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझं ते... शून्य..."

"बोर्ड घराएवढा आहे," तो म्हणाला. "पाच इनिंग मला दिसलंच नव्हतं, असं वाटलं तुला? पण चष्म्याचं भारी होतं."

ब्रोडी मागून ओरडला, "पुढच्या मॅचला मला वॉशिंग मशीन म्हण!"

एवढं झालं तरी मी खूश होते, खोटं कशाला बोला! मैदानाने ऐकलं ते ऐकलं, पण रेडिओवर तर आख्ख्या गावाने ऐकलं असणार. ओपांनी ऐकलं असणार! मी आणि आई थेट वृद्धाश्रमात गेलो. ओपा टोपी उलटी घालून बसले होते.

"कशी झाली माझी इनिंग?"

"शांत," ओपा म्हणाले.

"शांत?"

"काहीच आलं नाही, पोरी. आम्ही सगळे जेवण थांबवून बसलो होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ही मंडळी म्हणाली, रेडिओ बिघडला. मी म्हटलं गप्प बसा, माझी नात आहे, नीट विचार करूनच बोलेल."

आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

डेक्करांनी जाताना बटण माझ्यासाठी चालूच ठेवलं होतं. मी खात्रीसाठी दाबलं, ते बंद झालं. दार उघडल्यावर डेक्करांनी सगळ्यात आधी ते चालू केलं होतं. मैदानाने ऐकायला नको होतं ते सगळं ऐकलं, आणि रेडिओने माझी आख्खी इनिंग गिळली.

पण थांबा, अजून ग्लेन राहिला. ग्लेन त्या संध्याकाळी स्टेशनवर एकटा सँडविच खात होता. स्वतःचाच रेडिओ त्याने लावलेला नव्हता. अचानक फोन वाजला. "बगळ्यांचं काय झालं?" तो ठेवतो तोच दुसरा. "स्कोअर सांग आधी!" गॅरेजवाले, बेरीच्या मळ्यावरचे, तळ्यात होडीवर बसलेले, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातले... फोन ठेवता येईना! एक बाई तर डेक्कर गेले असं समजून दुःखाच्या घरी नेतात तसा चीज-बटाट्याचा गरम, भाजलेला कॅसरोल घेऊन स्टेशनच्या दारात आली, डोळे पुसत. ग्लेनने त्याच रात्री डेक्करांना सांगितलं, "बंद नाही करत. हे लोक मला जिवंत ठेवणार नाहीत." डेक्करांनी तो कॅसरोल तीन दिवस खाल्ला.

म्हणजे बघा, रेडिओ मीच वाचवला! कसा, ते महत्त्वाचं नाही.

पुढच्या मॅचला तर इतकी गर्दी झाली की डेक्करांना 'साधारण सहाशे' म्हणताना पहिल्यांदाच कमी सांगावं लागलं. मी मोजले. निम्मे लोक मी पुन्हा बोलणार का हे बघायला आले होते आणि उरलेले मला बोलू देऊ नये म्हणून.

काल ग्लेनचा मला स्वतःहून फोन आला. पुढच्या उन्हाळ्यातही यायचं, म्हणाला. सहावी इनिंग माझीच. फक्त खुर्चीत बसायचं, काळं बटण एकदा दाबायचं, आणि इनिंगभर एक शब्द बोलायचा नाही, म्हणजे फोन येतील.

मी लगेच हो म्हटलं! सरावही सुरू केलाय. आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तोंडातून अक्षर न काढता बसले होते, आणि 'आई, बघ, मी किती वेळ गप्प आहे!' हे आईला दर मिनिटाला सांगत होते.