साळवेमामांचा बारावा सिलिंडर

साळवेमामा लग्नाच्या पंगतीतही छातीला गॅसचा अलार्म लावून बसतात. टेंभुर्णीला भाच्याच्या लग्नात मांडवामागचा जनरेटर धूर ओकत होता. अलार्म वाजला आणि मामांनी जिलबी वाढायच्या आत अख्खी पंगत उठवली. वऱ्हाडी अजून विसरलेले नाहीत. मामांचं म्हणणं एकच, "ज्याला वास न्हाई, रंग न्हाई, त्येच्यावर भरवसा न्हाई."

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या केमिकल कारखान्यात मामा गॅस सांभाळतात, मी स्टोअर. आम्हाला लागणारा कार्बन मोनॉक्साइड पूर्वी गुजरातेतून सिलिंडरमध्ये यायचा. यंदा यंत्र आलं. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, वीज द्यायची, की गॅस जागेवर तयार. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आपन नाकातून सोडतो त्ये ह्ये खातंय, आन् वरून जहर देतंय? बिलकुल मान्सावानी हाय."

पहिल्या आठवड्यात लॉगबुकात त्यांचा शेरा होता: 'दाब बरोबर. यंत्र गप्पगप्प वाटले.'

आता रिकामे सिलिंडर परत द्यायचे होते. बारा. ट्रक आला तेव्हा दहाच सापडले. महिन्याने अकरावा सापडला, ट्रक पुन्हा आला. बारावा काही सापडेना. गॅसवाल्यांची पत्रं मला येत होती आणि बोलणीही मीच खात होतो.

गेल्या सोमवारी तो मला भंगाराच्या शेडमागे ताडपत्रीखाली दिसला. वर मामांच्या अक्षरात चिठ्ठी: 'रिकामा. तपासला.' मी भडकलो.

"मामा, जगाला सेफ्टी शिकवता आणि सिलिंडर लपवता?"

मामांनी छातीवरचा अलार्म उगाच सरळ केला.

"साहेब, गाडीवर रशीदभाई असतो ना."

रशीदभाई म्हणजे त्या ट्रकचा ड्रायव्हर. भरलेले सिलिंडर यायचे तेव्हा दर पंधरवड्याला दोघं गेटजवळच्या लिंबाखाली जेवायला बसायचे.

"तुमची मामी गेल्यापासून एकट्याला भाकर उतरत न्हाई. त्यो यायचा त्या दिशी पोटभर जेवायचो."

"मग फोन करा की त्याला."

"फोनवर जेवता येतंय व्हय?" मामा म्हणाले. "ह्यो सापडला की मंग गाडीची शेवटची फेरी. मागं आल्ता तवा त्यो म्हनला, हुरडा कधी खाल्ला न्हाई. म्हनलं, ह्यो हुरड्यालाच काढू."

माझा राग उतरला. खरं तर लाज वाटली. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर डबा खाऊन मी कधी त्यांना 'या जेवायला' म्हटलं नव्हतं.

हुरड्याला अजून दोन महिने होते. मी ताडपत्री पुन्हा नीट ओढली आणि गॅसवाल्यांना पत्र लिहिलं: 'शोध चालू आहे. थोडा वेळ लागेल.'