जाहिरात लागली की उठायचं

शंभर किलोची गोण मी एका दमात पाठीवर घ्यायचो. आता सकाळी पलंगावरून उठवायला शालन लागते, आमची मिसेस, आणि ती माझ्या निम्मी.

तीस वर्षं मार्केटात माथाडी केली आणि गुडघ्यात संधिवात घेऊन घरी बसलो. बसलो म्हणजे बसलोच. सानपाड्याला आमचं घर तळमजल्यावर, जिन्याचं पण टेन्शन नाय. टेन्शन एकच, वर रुकय्याचाची राहते.

चाचीला बसलेला माणूस बघवत नाय. तिलापण संधिवात. डॉक्टरनं दोघांना एकच सांगितलं, बसून राहू नका. मी हो म्हणालो आणि बसून राहिलो. चाची उरणकडची, दर्याकाठची, तिनं लगेच मासळीत हिशोब मांडला.

"गोळ्यांचं पाकीट म्हंजे मांदेलीचा एक वाटा. सुई म्हंजे आख्खं पापलेट. नि उठनं? फुकट! शंकर, तू बसून बसून पापलेटं घालवतोस."

तिच्या घरी टीव्ही हाय, पण बघायला आमच्याकडं यायची. नियम एकच. जाहिरात लागली की उठायचं आणि गेटला हात लावून यायचं. वॉचमन आधी सलाम करायचा, मग कंटाळून तोंड फिरवायला लागला. मॅच असली की संपलंच, दर ओव्हरला जाहिरात. बॅट्समन कमी पळाला, मी जास्त.

"चाची, आऊट झालेला पण जाऊन बसतो हो!"

"त्याचे गुडघे चांगले हायत. तू उठ."

खोटं कशाला बोलू, गोळ्या कमी झाल्या. शालननं त्या पैशातनं एकदा खरंच पापलेट आणलं. मला शेपटी दिली.

मग एका शुक्रवारी सीरियल लागली, जाहिरात पण लागली, चाची आली नाय. दुसरी जाहिरात गेली. मी कोणी न ओरडता उठलो आणि जिना चढलो. दार उघडंच. चाची वायरवाल्या फोनसमोर चटईवर बसलेली. चाची! बसलेली!

"काय झालं?"

"माझा पोरगा हनीफ दुबईवरनं फोन करतो शुक्रवारी. गेल्या येलेस मी तुझ्याकडं टीव्ही बघत होते, तवाच वाजला असंल. म्हनून सकालपासून बसले. आता गुडघे ऐकत नाय."

"मग हाक मारायची ना!"

"मी ओरडत असताना वाजला तर?"

मग माझ्यातला माथाडी जागा झाला. गोण घ्यायची तर आधी खाली बसायचं, पाठ द्यायची. बसलो. पाठ दिली. "धरा खांद्याला." चाचीनं धरलं. मी जोर लावला. चाची हलली नाय. मी पण हललो नाय. आता दोघं खाली, आणि हाक मारायची बंदी.

बऱ्याच वेळानं शालन शोधत आली. आधी चाचीला हात देऊन उभं केलं. मला तसंच ठेवलं. चाची दोन पावलं लंगडत गॅलरीकडं गेली आणि परत फोनपाशी येऊन उभी राहिली.

"चाची, तुमी जरा गेटपर्यंत पाय मोकळे करून या," मी म्हणालो. "फोनजवळ मी बसतो."

शालन म्हणाली, "बसताय कसलं! उठता येईना म्हणून सांगा की."