सायाळीचा सैल फटका

एका जंगलात, बाळांनो, पूर येत नव्हता की वणवा लागत नव्हता. काळजी करायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून सिंहमहाराजांनी गोल्फ आणला.

काठीनं चेंडू लांब मारायचा आणि त्याच्यामागून रमतगमत चालायचं, असा हा खेळ. चालायला जागा लागते. महाराजांनी दवंडी पिटवली, "ज्याचा चेंडू ओढ्यापलीकडे जाईल, तो सभासद. सभासदांची बिळं राहतील. बाकीच्यांच्या बिळांवर हिरवळ लावू."

सायाळीचं बीळ ओढ्याच्या अलीकडे, बरोब्बर मैदानाच्या मधोमध. बिळात दोन पिल्लं. तिनं त्याच दिवशी शिकवणी लावली.

शिकवायला अजगरसर होते. त्यांना हात नव्हते, त्यामुळे त्यांचा फटका आजवर एकदाही चुकला नव्हता.

"बाई, काठी केवढी आवळलीये!" सर म्हणाले. "ताकदीनं वेग येत नाही. अंग सैल सोडा. वेग आपसूक येतो."

"सोडलंय की, सर."

"मग हे काटे का उभे?"

सायाळ बिचारी कसून सैल होऊ लागली. पहाटे उठून खांदे सैल करायची. दुपारी मनगटं. संध्याकाळी मान. आठवड्यात मानेत उसण भरली.

"आई, तू सैल झालीस की आम्हाला फार ओरडतेस," धाकटं पिल्लू म्हणालं.

"गप्प बसा! मी शांत होतेय!"

हसू नका. घरोघरी असंच असतं. निदान मला तरी तसं वाटतं.

सरावाच्या वेळी पिल्लांना सांभाळायला पलीकडच्या काठावरून मुंगूसवहिनी यायची. "जा तू निर्धास्त," ती म्हणायची. "माझं बीळ ओढ्यापल्याड, मैदानाबाहेर. मला कसला आलाय घोर!"

परीक्षेचा दिवस उजाडला. फटके तीनच. पहिला चेंडू ओढ्यात बुडाला. दुसराही. महाराजांनी कंटाळून जांभई दिली. सायाळीनं त्यांचे सुळे पाहिले आणि तिचे हातपायच गळाले. भीतीनं अंग इतकं सैल पडलं, की एकूण एक काटा आडवा झाला आणि काठी वाऱ्यासारखी फिरली.

चेंडू ओढ्यावरून गेला. बाभळीवरून गेला. थेट मुंगूसवहिनीच्या दारात पडला.

"वाहवा!" महाराज म्हणाले. "बाई सभासद! पण अशा खेळाडूंना हे मैदान अपुरं पडतंय. चेंडू पडला तिथवर वाढवा."

संध्याकाळी मुंगूसवहिनी पोरं काखेत मारून धावत आली.

"अगं, ते सैल कसं व्हायचं असतं? मला चार दिवसांत शिकवशील?"

"शिकवलं असतं हो, वहिनी," सायाळ मान खाली घालून म्हणाली. "पण सरांनी मला कसलाही ताण घेऊ नका म्हणून बजावलंय."

तात्पर्य: ताण सोडला म्हणून तो नाहीसा होत नाही, बाळांनो. फटका उत्तम असेल, तर शेजारणीच्या दारात जाऊन पडतो. म्हणून घर बघताना शेजार नेहमी भला बघावा.