मुफलिसीची तसदीक

गरिबाला मदत करणं हे पुण्याचं काम आहे. पण तो खरोखरच गरीब आहे याची खात्री करून घेणं हे त्याहून मोठ्या पुण्याचं काम आहे. पहिल्या कामाला नुसती ज्वारी पुरते. दुसऱ्याला बैलगाडी, दौत, दोन माणसं आणि चौदा रकाने लागतात.

फसली तेराशे तीस साली, निजामसरकारच्या अमलात, पाटोद्याच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवरच्या खापरवाडीत हे मोठं काम पार पडलं. पाऊस दोन वर्षं गावाकडं फिरकला नव्हता. (येईन असं त्यानं कुणाला कळवलंही नव्हतं, तेव्हा त्याला बोल लावता येत नाही.) अशात रोमी पंथाचे एक पाद्री, आंतोनबाबा, ज्वारीची पोती घेऊन आले. ही ज्वारी सातासमुद्रापलीकडच्या म्हाताऱ्या बायांच्या पुण्याईची. त्या वर्षातून चाळीस दिवस उपास धरतात आणि तोंडातला घास वाचवून दूरदेशी धाडतात. तो खापरवाडीला पोचायचा, जिथं लोक नवस न बोलताच उपास धरत होते.

तिढा एवढाच होता, की राज्य मुसलमानी, रयत बहुतेक हिंदू आणि ज्वारी ख्रिस्ती. ज्वारी खाऊन रयत ख्रिस्ती होईल, ही सरकारची काळजी. रयत ज्वारीपुरतीच ख्रिस्ती होईल, ही आंतोनबाबांची काळजी. एकाच पोटाची चिंता दोन बाजूंनी वाहिली जात होती. शेवटी असं ठरलं, की मुफलिसीची, म्हणजे निखळ कंगालपणाची, दोघांनी मिळून घरोघर तसदीक (डोळ्यांनी पाहून खातरजमा) करावी आणि मुफलिस ठरेल त्या घराला आठवड्याला एक पायली ज्वारी द्यावी.

त्यासाठी चौदा रकान्यांचा कागद निघाला. सातवा रकाना धातूच्या भांड्यांचा, आठवा बाज-अंथरुणाचा, अकरावा गोडधोडाचा, बारावा धर्म बदलण्याच्या इराद्याचा (हो, नाही, ज्वारी बघून सांगते). भुकेला रकाना नव्हता. भूक डोळ्यांना दिसत नाही आणि तसदीक डोळ्यांनी करायची असते.

बायनाबाईच्या घरात ती जरा दिसतही होती. तिची लेक शिवकन्या बाळंतपणाला आली होती. पोर नऊ दिवसांची, आणि आईच्या अंगावर दूध धड उतरत नव्हतं, कारण उतरायला वरून काहीतरी जावं लागतं. आठवड्याची पायली मिळाली तर पोर जगणार होती. एवढा सरळ हिशेब बायनाबाईला न शिकता येत होता.

तसदीकेच्या दिवशी सकाळी तिनं अंगण सारवायला घेतलं.

"आये, कावून सारवायलीस?" शिवकन्या म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊ दे. काय न्हाई ते दिसू दे की त्यास्नी."

"म्हंजी? दारात माणूस येतंय आन् म्या त्याला भुईवर बसवू?"

"पावनं न्हाईत ते. आपली गरिबी बघाया यायलेत."

"काय बी बघाया येऊ दे. उंबरा वलांडला की पावनाच."

शिवकन्येनं शेणाची पाटी तिच्याकडं सरकवली. ती याच घरात वाढलेली.

बायनाबाई मागच्या भिंतीशी गेली. "वं हजराबी! तुपला तांब्या दे गं घडीभर."

हजराबीच्या लग्नातला तांब्या. तांब्याचा, आतून कलई केलेला, डाव्या अंगाला पोचा. (लग्नाच्याच साली आडात पडला होता, तेव्हापासून दोघं संसारात रुळले.)

"ले जा, बायना," हजराबी म्हणाली. "पर रांग लागली हाय बघ. रतनबाई पयली, तू तिसरी. अन् पोच्याकडून धरू नको, पानी सांडतंय."

एरवी या गावात कोण कुणाच्या तांब्यानं पाणी पितो यावरून पंचायती बसत. पण तांब्या एकच उरला की त्याला जात राहत नाही. (पाऊस पडला की परत येते.) बाज म्हाळूची होती, तिच्यावरची पासोडी उत्तरेश्वरची, आणि गुळाचा खडा छबुबाईचा, औषधापुरता राखलेला. गुळपाण्याशिवाय पाहुणा उठवायचा तर त्यापेक्षा घरादाराला कुलूप घालावं, या मुद्द्यावर सगळ्या गावाचं एकमत होतं.

मग तसदीक सुरू झाली. पुढच्या दारानं आंतोनबाबा आणि कचेरीचे पेशकार खाजामियाँ. मागच्या दारानं तांब्या, गूळ आणि डोक्यावर बाज घेतलेला म्हाळू. बाबा या मुलखात पाच वर्षं काढलेले, सज्जन गृहस्थ. नको म्हटलं की घरधनीण दुखावते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक घरी ते पाणी प्यायले आणि गुळाचा चिमूटभर तुकडा तोडला. प्रत्येक घरी म्हाळू धापा टाकत उभा दिसला, त्यावरून गावात जाणंयेणं फार आहे, असंही त्यांनी टिपून घेतलं.

बायनाबाईच्या घरी बाबा बाजेवर टेकले, तेव्हा तिचा ऊर भरून आला. आपल्या घरी गोरा माणूस बसला आणि त्याला काही कमी पडलं नाही! आतून पोर रडली. रडण्याला रकाना नव्हता.

खाजामियाँ याच मातीतला माणूस. पोच्याचा तांब्या त्यानं दुसऱ्या घरातच ओळखला होता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "बाई, कावून मांडलंस हे सगळं? आँ?"

"मग काय, सायेब, तुमाला वंजळीनं पाजू?"

खाजामियाँनं लेखणी दौतीत बुडवली. समोर दिसतं ते लिहायची नोकरी होती. सातवा रकाना: आहे. आठवा: आहे. अकरावा: आहे.

त्याचा गोषवारा असा निघाला. तपासलेली घरं बारा. तांबे अकरा (सर्वांना डाव्या अंगाला पोचा, स्थानिक कारागिरांची ही खास धाटणी दिसते). बाजा अकरा. गूळ असलेली घरं अकरा (गावाच्या खालच्या अंगाला खडा बारीक होत जातो, अर्थात तिकडं काटकसर अधिक). मुफलिस घरं एक.

ते एक घर हजराबीचं. ती रांगेत शेवटची. बाज घेऊन पळताना म्हाळू बोळात अडकला आणि त्याच्यामागं तांब्या-गूळही अडकले. साहेब आले तेव्हा हजराबी रिकाम्या हातानं दारात उभी होती.

ते गेल्यावर ती ओट्यावर बसून रडली. "घूंटभर पानी बी न्हाई दिलं गं म्या. माज्या अब्बानं ऐकलं तर कबरीतून उठून येईल."

"तुला पायली मिळाली की, बये!" बायनाबाई म्हणाली.

"चुलीत घाल तुजी पायली!"

पायली चुलीवर गेली, पण तांब्यानं मोजून. पहिला तांब्या मागच्या भिंतीवरून शिवकन्येकडं. "बाळंतीण पयले," हजराबी म्हणाली. मग छबुबाई, मग म्हाळू, असा तो तांब्या पुन्हा त्याच बोळानं फिरला. तिसऱ्या आठवड्यात शिवकन्येला पान्हा फुटला. पोर जोरानं रडू लागली, आणि त्या आवाजाची गावात कुणी तक्रार केली नाही.

तक्रार वेगळीच झाली. हजराबी ज्वारी वाटते, ही खबर कचेरीला पोचली. वरून हुकूम आला, तो मोठा विचारानं काढलेला होता: जो दुसऱ्याला देऊ शकतो तो मुफलिस असूच शकत नाही, सबब नाव खारिज. आंतोनबाबांना वाईट वाटलं, पण या युक्तिवादात त्यांना खोट सापडेना. त्यांनी मायदेशी कळवलं, की खापरवाडीत तीन आठवड्यांत गरिबी समूळ नाहीशी झाली. तिकडच्या म्हाताऱ्यांनी मेणबत्त्या लावल्या आणि उपास सोडले.

हुकूम ऐकवायला खाजामियाँ भर दुपारी चालत आला. बायनाबाईच्या अंगणात बाया जमल्या. त्यानं वाचलं. आत पोर दूध पीत होती. आणखी किती दिवस, ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

खाजामियाँनं टोपी काढून कपाळाचा घाम पुसला. बायनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिची मान आपोआप भिंतीकडं वळली.

"हजराबी, तांब्या आण गं! माणूस उन्हातनं आलंय."

आता हे सगळं वाचताना ज्यांच्या मनात आलं असेल, की 'अगं, मग तो तांब्या विकायचा होतास ना', त्यांनी अजिबात संकोच करू नये. तोच पंधरावा रकाना आहे, आणि तो भरायला अशीच समजूतदार माणसं हवी आहेत. खापरवाडीला येताना तहान लागली तर काळजी नको. पाणी मिळेल.